पहिली शिडाची बोट म्हणून जुनी ट्रायमरान घेताना

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत शिडाची बोट घ्यायचीय म्हणून आपल्यापैकी कुणी विचारलं, की मी आधी एवढंच विचारते : बोट मरिनात, म्हणजे बोटी भाड्याने ठेवायच्या धक्क्यावर, ठेवणार की घरी? दर महिन्याला जागेचं भाडं भरायची तयारी असेल तर पर्याय भरपूर आहेत. पण बोट ट्रेलरवर घरी आणायची असेल आणि वेगाचीही हौस असेल, तर जुनी, घडी होणारी ट्रायमरान घ्या. मधे मुख्य बोट आणि दोन्ही अंगांना उलांड्या, म्हणजे तोल राखणारे अरुंद तरंगते भाग. कोकणात उलांडीच्या होड्या पाहिलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाही. तिथे उलांडी एकाच बाजूला असते, इथे दोन्ही बाजूंना.

पहिल्या बोटीसाठी कॉर्सेर एफ-27 शोधा, असं मी स्पष्टच सांगते. मूळचे न्यूझीलंडचे इयन फॅरियर यांनी उलांड्या मुख्य बोटीला जोडणारे बाहू दुमडायची रचना काढली आणि 1984 च्या सुमारास कॅलिफोर्नियात चुला व्हिस्टाला या बोटी बनू लागल्या. सत्तावीस फुटांची बोट, उघडल्यावर रुंदी एकोणीस फूट, घडी केल्यावर साडेआठ. अमेरिकेत खास परवान्याशिवाय रस्त्यावरून ओढून न्यायची मर्यादा तीच आहे. अशा चारशेहून जास्त बोटी बनल्या, त्यामुळे माहितगार माणसं भेटतात, शिडंही मिळतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या, कुणीतरी अंगणात बांधलेल्या प्लायवूडच्या ट्रायमरान फार स्वस्तात दिसतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका. आत कुजलेलं लाकूड बाहेरच्या रंगाखाली दिसत नाही, आणि घडी होत नसल्यामुळे मरिनात दुप्पट जागेचं भाडं पडतं.

बोट चाळीस वर्षांची आहे म्हणून घाबरू नका. फायबरग्लास नीट राखलं तर टिकतं. ट्रायमरानचा जीव तिच्या सांध्यांत असतो, म्हणून पहिला तास शिडांकडे बघूही नका. बोट ट्रेलरवर असताना जुने कपडे घालून खाली झोपा. बाहू मुख्य बोटीला जिथे जोडलेत तिथले ब्रॅकेट, पिना, बोल्ट एकेक करून बघा. टॉर्च समोरून मारू नका, पृष्ठभागाला लागून तिरका धरा. केसाएवढी भेगही सावली टाकते. जेलकोटला, म्हणजे सगळ्यात वरच्या चकचकीत थराला, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे असतील तर ते बहुधा वरवरचे असतात. पण ब्रॅकेटच्या कडेला धरून सलग भेग गेली असेल, किंवा बोल्टखालून तांबूस ओघळ आला असेल, तर तिथे पाणी शिरलंय असं धरून चाला. मग उलांडीचं टोक दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. थोडी लवचीकता चालेल, 'खट्' आवाज चालणार नाही.

त्यानंतर प्लास्टिकच्या डोक्याची हातोडी घ्या आणि डेकवर, विशेषतः क्लीट (दोर बांधायची खुंटी), विंच (दोर ओढायचं चाक), स्टँशन (कठड्याचे खांब) यांच्या भोवती, दर दोन-तीन इंचांवर हळू ठोकत जा. फायबरग्लासच्या दोन थरांमधे फोमचा गाभा असतो. तो धड असेल तर आवाज टणक येतो, 'टक्'. थर सुटले असतील किंवा पाणी मुरलं असेल तर 'थप्'. जिथे आवाज बदलतो तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. काम संपल्यावर लांब उभं राहून बघितलं की आजार कुठे किती पसरलाय ते एका नजरेत कळतं. विक्रेत्यालाही कळतं, आणि किमतीचं बोलणं सोपं होतं. उलांड्यांची झाकणं उघडून आत हात घाला. तळ कोरडा हवा. डॅगरबोर्ड, म्हणजे बोटीखाली पाण्यात सोडायची उभी फळी, बाहेर काढायला सांगा. बोट वाळूत किंवा खडकावर आपटली असेल तर खूण त्याच्या मागच्या कडेवर आणि तो जिथून खाली जातो त्या खाचेत उमटलेली असते.

डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. एक जरी धागा तुटला असेल तरी कापूस अडकतो. तारा कधी बदलल्या त्याची पावती मागा. दहा-पंधरा वर्षं उलटली असतील तर विमा कंपनीही विचारते, तो खर्च किमतीतून वजा करा. मुख्य बोट आणि उलांड्या यांच्यामधे ताणलेल्या जाळ्या उन्हाने खलास होतात. शिवणीचा दोरा नखाने ओढून बघा, भुगा निघाला तर जाळी नवी लागणार.

ट्रेलरकडे लोक दुर्लक्ष करतात. खाऱ्या पाण्यात बुडालेले ब्रेक आणि बेअरिंग हायवेवर दगा देतात. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष. रबर चकचकीत दिसलं तरी तारीख जुनी असेल तर बदला. ट्रेलरचे कागद बोटीपेक्षा वेगळे असतात, दोन्ही बघा. बोटीच्या मागच्या बाजूला कोरलेला बारा अक्षर-आकड्यांचा क्रमांक कागदावरच्याशी तंतोतंत जुळला पाहिजे. कॅलिफोर्नियात कर डीएमव्हीत, म्हणजे वाहन नोंदणी खात्यात, नोंदणी करताना भरावा लागतो, तोही हिशेबात धरा. इंजिन चालवायला बोटर कार्डही, म्हणजे बोट चालवायचं कार्ड, लागतं, 2025 पासून सगळ्या वयाच्या लोकांना.

एवढं सगळं पसंत पडलं तरच सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा जाणकार, बोलवा, आणि त्याने याआधी मल्टिहल (एकाहून जास्त अंगांच्या बोटी) तपासल्यात का ते विचारून घ्या. विमाही आधीच विचारा. पहिलीच बोट आणि तीही ट्रायमरान म्हटल्यावर काही कंपन्या नकार देतात.

आता चाचणीची फेरी. इथे माझं आग्रहाचं सांगणं आहे, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. गोव्यात बांधलेली, दिलीप दोंदे यांनी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेला नेलेली 'म्हादेई' एका अंगाची, म्हणजे उलांड्या नसलेली बोट आहे. तिच्या तळाला जड कील, म्हणजे खाली गेलेलं वजनदार पातं, आहे, त्यामुळे आडवी झाली तरी ती उठते. ट्रायमरानला ते वजन नसतं. म्हणूनच ती हलकी आणि वेगवान असते, पण उलटली की आपोआप सरळ होत नाही. एका अंगाची बोट वारा वाढला की कलते आणि तुम्हाला सावध करते. ट्रायमरान फारशी कलत नाही, वेग वाढवत जाते, आणि मजा वाटत असतानाच ताण वाढत असतो. म्हणून कल बघू नका, वाऱ्याचा आकडा बघा. वारा ज्या बाजूला ढकलतो तिकडच्या उलांडीचं पुढचं टोक पाण्यात घुसायला लागलं, तर शीड कमी करायला उशीर झालाय असं समजा. इथे उन्हाळ्यात दुपारी गोल्डन गेटमधून पंचवीस नॉटपर्यंत वारा येतो. पहिल्या मोसमात सकाळी निघा, दुपारच्या आत परत या. सामानही मोजकंच घ्या. जड ट्रायमरान संथही होते आणि बाहूंवरचा ताणही वाढवते.

पैसे देण्याआधी डोलकाठी उभी करणं आणि पाण्यात उलांड्या उघडणं दोनदा करून घ्या : एकदा मालकाच्या हातून, एकदा तुमच्या. ट्रेलरच्या विंचने काठी वर येताना बाजूच्या तात्पुरत्या तारा ढिल्या असतील तर ती आडवी झुलते, आणि हे वाचून कळत नाही, हाताला कळावं लागतं. पहिल्या दिवशी मालक रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, सोबत येईल, अशी ओळ खरेदीच्या कागदातच घाला. ज्यांनी बोट जपलीय ते आनंदाने येतात.