नखावरचा खण: कडा उचलायच्या, तो प्रश्न कसा सुटला

लग्नसराईत नवऱ्या नेल आर्टमध्ये चोळीच्या खणाचाच तुकडा नखावर मागतात. दिसतं देखणं, पण कडा उचलायच्या आणि कापडाखालचं जेल चिकटच राहायचं. जेल घट्ट करायच्या लॅम्पमध्ये जास्त वेळ ठेवूनही फरक पडेना.

जेल वाळत नाही, प्रकाशाने घट्ट होतं. आणि दाट विणीतून, त्यातही जरीतून, प्रकाश खाली पोचत नाही. असं कच्चं जेल कातडीला लागत राहिलं तर अ‍ॅलर्जीही होते, म्हणजे प्रश्न नुसत्या दिसण्याचा नव्हता.

आता खऱ्या नखावर फक्त जाळी किंवा विरळ लेस. खण पारदर्शक प्रेस-ऑन टिपवर (नखावर चिकटवायच्या तयार कृत्रिम नखावर) बसवते, कारण टिप उलटी करून खालूनही प्रकाश देता येतो. आधी सिलिकॉनच्या मॅटवर कापडात पातळ क्लिअर जेल मुरवायचं, विणीतली हवा निघेपर्यंत ब्रशने हलकं दाबायचं, मग लॅम्पखाली दोन्ही बाजूंनी क्युअर, म्हणजे घट्ट, करायचं. कापड कडक होतं, कात्रीने कापलं तरी धागे सुटत नाहीत. (रंग एक छटा गडद होतो, हे नवरीला आधीच दाखवा. नंतर ऐकून घ्यावं लागतं.)

तुकडा टिपेच्या कडेपासून मिलिमीटरभर आत ठेवते. वर बिल्डर जेल (जाड, मजबूत थराचं जेल), टोकावरूनही फिरवलेलं. फाइल करताना एखादा धागा उघडा पडला, तर तिथे पुन्हा जेल लावतेच. त्या धाग्यातून पाणी आत शिरतं.

काढायलाही टिपच बरी. नखावरचं कापड मशीनने घासताना धागे बिटला (मशीनच्या फिरत्या टोकाला) गुंडाळतात.