दहावीच्या निकालामागचा पट कसा वाचायचा

निकाल लागला की शाळेच्या फाटकावर फ्लेक्स लागतो. टक्केवारी मोठ्या अक्षरांत, खाली पहिल्या तिघांचे फोटो. शाळा व्यवस्थापन समितीत नव्यानं आलेल्या पालकांना मी सांगते, मुलांचं कौतुक मनापासून करा, पण हे टक्के किती जणांमधले ते विचारल्याशिवाय घरी जाऊ नका.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात गणित शिकवते. आमच्या पटावर ऊसतोड कामगारांची मुलं पुष्कळ, बंजारा तांड्यावरची आहेत, थोडी गावातल्या शेतकऱ्यांची आणि दुकानदारांची. अशा शाळेचा निकाल आणि पट, म्हणजे शाळेत नाव असलेली मुलं, एकत्र वाचले तरच काहीतरी हाती लागतं.

सुरुवात निकालपत्रापासून नाही, जनरल रजिस्टरपासून करा. दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद त्यात असते. २०२५ला दहावी दिलेली बॅच २०२२-२३ला आठवीत होती. त्या आठवीची यादी हेडसरांकडून किंवा मॅडमकडून मागा आणि प्रत्येक नावापुढं आज ते मूल कुठं आहे ते लिहा: परीक्षेला बसलं, दाखला घेऊन दुसरीकडं गेलं, नववीत राहिलं, १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म भरला, की पत्ताच नाही. नववीत किंवा दहावीत बाहेरून आलेली मुलं वेगळ्या कागदावर घ्या, नाहीतर हिशेब फिसकटतो.

समजा आठवीत ६० मुलं होती. ५ जण दाखला घेऊन गेले, ४८ परीक्षेला बसले, ४५ पास झाले. फ्लेक्सवर ९४ टक्के येईल. दाखला नेलेले वजा करून उरलेल्या ५५ जणांत मोजलं तर ८२. साठांतच मोजलं तर ७५. तिन्ही आकडे खरे आहेत, पण मधल्या आकड्याबद्दल कुणी बोलत नाही, आणि शाळेचं काम दिसतं ते त्यातच. ५५ मधून ४८ गेले की उरतात ७. ती सात मुलं म्हणजे तुमच्या बैठकीचा खरा विषय.

दाखला नेला म्हणजे मूल दुसऱ्या शाळेत बसलं असं धरू नका. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर नव्या शाळेनं मुलाला आपल्याकडं घेईपर्यंत त्याचं नाव ड्रॉपबॉक्समध्ये पडून राहतं. शाळेच्या लॉगिनमधून ती यादी काढायला सांगा. दाखला नेऊन वर्ष झालं तरी नाव तिथंच असेल, तर ते मूल बहुतेक कामाला लागलेलं असतं.

१७ नंबरबद्दल स्पष्टच बोलते. तो फॉर्म खासगीरीत्या परीक्षा देणाऱ्यांसाठी आहे आणि ज्यांची शाळा खरोखर सुटली त्यांच्यासाठी फार उपयोगाचा आहे. पण नववीतल्या कच्च्या मुलाला 'तू १७ नंबर भर' म्हणून बाहेर काढलं, की तो शाळेच्या टक्केवारीतून गायब होतो. मंडळानं २०२५ला राज्याचा जो ९४.१० टक्के निकाल सांगितला तोही नियमित विद्यार्थ्यांचाच. म्हणून नववीनंतर किती जणांनी हा फॉर्म भरला आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे पालकांना भेटून विचारा.

आता तारखांचा खेळ. पटाची माहिती वर्षानुवर्षं ३० सप्टेंबरची धरत आलेत. आमच्याकडं त्या दिवशी वर्ग भरलेले असतात. दिवाळी झाली की मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, टोळ्या हलवतो, आईबाप कारखान्याला निघतात आणि मोठी मुलंही बरोबर जातात. धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी लागतं. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, मार्च-एप्रिलपर्यंत ती परत येत नाहीत, आणि दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळं नुसता पट पाहू नका, कॅटलॉग म्हणजे रोजच्या हजेरीचं पुस्तक उघडा. सप्टेंबर आणि जानेवारी या दोनच महिन्यांची हजेरी शेजारी ठेवा. ज्यांच्या हजेरीत खड्डा पडलाय त्यांचे बीजगणित-भूमितीचे मार्क नंतर बघा. मूल ढ आहे की वर्गात नव्हतंच, हे तिथं समजतं.

मुलींचं पान वेगळं करा. २०२५ला राज्यात मुलींचा निकाल ९६.१४ टक्के, मुलांचा ९२.३१. दरवर्षी 'मुलींनी बाजी मारली' असा मथळा येतो. पण आठवीतल्या किती मुली दहावीच्या बाकापर्यंत पोचल्या? उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे, मिळते ती कोयत्यावर आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, त्यामुळं हंगामाच्या तोंडावर पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीचं लग्न उरकायची घाई होते. ती पोर निकालाच्या कुठल्याच रकान्यात नसते.

पास-नापासावर थांबू नका. ७५च्या वर, ६०च्या वर, ४५च्या वर आणि काठावर ३५वाले, असे चार गट पाडा. तांड्यावरच्या मुलांचे मार्क इतिहासात आणि गणिताच्या शाब्दिक उदाहरणांत एकदम पडलेले दिसले, तर बुद्धीला दोष देऊ नका. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलाला पाचवी-सहावीत मराठी वाचनाचा आधार मिळाला होता का, ते तपासा.

वर्ग लहान असेल तर जपून. अठरा मुलांत एक नापास झालं की साडेपाच टक्के जातात. तीन वर्षं एकत्र धरा. आणि तालुक्याच्या गावातल्या, मार्क बघून प्रवेश देणाऱ्या शाळेशी तुलना करूच नका. तिथं आधीच निवडून घेतलेली मुलं असतात.

जनरल रजिस्टरात जात, जन्मतारीख, सगळं असतं. बैठकीत फक्त आकडे वाचा, नावं नाहीत. कुणाचं मूल कुठं गेलं हे गावात चावडीवर जाता कामा नये. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

हा सगळा हिशेब जुलैत पुरा करा, कारण त्याचा उपयोग दसऱ्याआधीच होतो. कोणत्या घरचे आईबाप जाणार हे ऑगस्टमध्ये माहीत असतं. लहान वर्गांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव तेव्हाच पाठवावा लागतो. मोठ्यांसाठी संत भगवानबाबा वसतिगृहात जागा आहे का ते समाज कल्याणच्या ऑफिसात विचारा, नाहीतर आजी-आजोबांना भेटून मूल मागं ठेवायला तयार करा. आठवीतल्या हुशार मुलांचे एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेचे फॉर्मही त्याच सुमारास बघून ठेवा. वर्षाला १२,००० रुपये बारावीपर्यंत मिळतात, आणि आमच्या भागात एवढ्यावर एखाद्या पोरीची शाळा टिकते.