सम-खुरीच्या वाळूत पहाटे कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

राजस्थानात जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी या गावांतल्या वाळूच्या टेकड्या बघून आलेल्या कुणी फोटो दाखवायला घेतले की पहिल्या दोन-तीन फोटोंतच कळतं, स्वारी टेकडीवर किती वाजता पोचली होती. नाश्ता आटोपून साडेदहाला काढलेली वाळू परातीत पसरलेल्या कणकेसारखी दिसते. रंग एकच, आणि उंचवटा कुठे, खोलगट कुठे याचा पत्ता नाही. तीच टेकडी पावणेआठला पाहिली तर तिची धार सुरीने कापल्यासारखी असते, एक बाजू केशरी आणि दुसरी जवळजवळ निळी. कॅमेरा तोच, माणूसही तोच. फरक सावलीचा. म्हणून खालच्या बहुतेक चुका या सावली हातची घालवण्याच्या चुका आहेत, आणि त्यातल्या निम्म्या मी स्वतः केल्या आहेत.

घड्याळ महाराष्ट्राचं लावून जाणं

पहिल्या खेपेला पुण्याच्या सवयीने पहाटे साडेचारला उठलो आणि पाचला टेकडीवर जाऊन बसलो. जानेवारीची थंडी, वारा नाही, आणि पूर्वेला काही म्हणजे काही हालचाल नाही. सहाच्या सुमाराला खालून जाणारा एक उंटवाला म्हणाला, ''साब, सूरज तो साढ़े सात बजे आएगा।'' तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. जैसलमेर देशाच्या पार पश्चिम टोकाला आहे, पण घड्याळ सगळ्या देशाचं एकच. जानेवारीच्या मध्याला नागपुरात सूर्य सातच्या आत उगवतो, मुंबईत सव्वासातला, तर जैसलमेरला साडेसात उलटून गेल्यावर. नोव्हेंबरच्या मध्याला सात वाजून गेलेले असतात.

उलटी चूक जास्त महाग पडते. कॅम्पवाले 'सनराइज'साठी जीप काढतात ती नेमकी सूर्य उगवायच्या वेळी टेकडीच्या पायथ्याशी पोचवतात. तिथून वाळूत चढायचं म्हणजे दोन पावलं वर आणि एक खाली. वर जाऊन धाप जिरेपर्यंत सर्वांत चांगली पंधरा मिनिटं गेलेली असतात. सूर्योदयाच्या अर्धा-पाऊण तास आधी जागेवर उभं राहिलेलं बरं. तेव्हाचा फिका, सावलीविना असलेला उजेडही वाया जात नाही. दूरच्या टेकड्या एकामागे एक करड्या-निळ्या थरांत तेव्हाच दिसतात.

मुक्काम जैसलमेर शहरात ठेवू नका. सम तिथून चाळीसेक किलोमीटर, खुरीही साधारण तेवढीच. एवढं अंतर अंधारात, रस्त्यावर मधेच बसलेल्या गाई चुकवत कशाला कापायचं?

पाय आधी, कॅमेरा नंतर

ही सगळ्यांत मोठी चूक. समला संध्याकाळी जत्रा असते. उंट, जीप, शेकडो माणसं, वाळूवरून घसरणारी पोरं. लोकांना वाटतं, रात्रीतून वारा सगळं पुसून टाकेल. उन्हाळ्यातल्या आंधीत पुसतो. हिवाळ्याच्या शांत रात्री मात्र बुटांचे ठसे सकाळी जसेच्या तसे असतात, आणि तिरप्या उन्हात प्रत्येक ठशात सावली भरली की अख्खी टेकडी देवीचे व्रण पडल्यासारखी दिसते. ते ठसे नंतर संगणकावर पुसू म्हणाल तर वाळूवरच्या लाटांची नक्षी पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतात.

उपाय आदल्या दिवशीच करावा लागतो. दुपारी चार वाजता, गर्दीकडे पाठ करून, अर्धा-पाऊण किलोमीटर चालत जा. न तुडवलेली एक टेकडी हेरून ठेवा आणि तिच्यावर चढू नका. फोनमधल्या होकायंत्राने दिशा बघा, मोबाइलवर जागेची खूण करा, आणि सकाळी मागच्या बाजूने या. धारेवरून चालू नका, धारेच्या खालून चाला. गर्दी नकोच असेल तर खुरी बरी.

बरोबर ग्रुप असेल तर हे सगळ्यांना रात्रीच सांगून ठेवा. आमच्या सहलीतले एक काका लाल जर्किन घालून पावणेआठला नेमके माझ्या फ्रेममधल्या धारेवर चढले. मी ओरडलो, ''काका, जरा थांबा!'' ते वरून म्हणाले, ''अरे, इथून काय मस्त दिसतंय, तूही ये!'' त्या दिवशीच्या माझ्या सगळ्या फोटोंत लाल ठिपका आहे. खरं सांगायचं तर त्यातला एक फोटो चांगला आला, कारण माणसामुळे टेकडीची उंची कळली. पण तो माझ्या अकलेने आलेला नव्हता.

ठसे फक्त माणसांचेच असतात असं नाही. गुडघ्यावर बसून पाहा. रात्री फिरून गेलेल्या भुंगेऱ्याने टाके घातल्यासारखी दुहेरी टिंबांची रेघ सोडलेली असते, मधेच गोल वळण घेऊन एका झुडपाच्या मुळाशी संपलेली. पहाटेच्या उजेडात तिच्या टिंबाटिंबात सावली असते. नऊनंतर ती शोधूनही नीट दिसत नाही.

सूर्याकडे तोंड करून बसणं

लालबुंद गोळा दिसला की सगळे कॅमेरे तिकडे वळतात आणि पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. तो गोळा मरीन ड्राइव्हलाही दिसतो, संध्याकाळी. इथे पाहण्यासारखं तुमच्या डाव्या-उजव्या हाताला आहे. ऊन बाजूने आलं की वाळूवरच्या लाटा उठून दिसतात. सूर्य पाठीमागे असेल तर वाळू सपाट होते आणि वर तुमचीच सावली फ्रेममध्ये येते. उगवून अर्धा तास झाला तरी ती 50 फुटांहून लांब असते, टाळायची कुठे? आणि हो, हिवाळ्यात सूर्य बरोबर पूर्वेला उगवत नाही, बराच आग्नेयेला उगवतो. आदल्या दिवशी होकायंत्र पाहायला सांगितलं ते यासाठीच.

क्रमही चुकवू नका. वाळूवरच्या बारीक लाटांचे उतार उथळ असतात, त्यामुळे सूर्य जरा वर आला की त्यांच्या सावल्या आधी मरतात. सुटी वाळू साधारण 32 ते 34 अंशांच्या उतारावर ठरते. टेकडीची जी बाजू कोसळती असते तिचा उतार एवढा असतो, आणि ती सूर्यापासून वळलेली असेल तर तिथली सावली बराच वेळ टिकते. म्हणून आधी जवळच्या लाटा, मग मोठ्या टेकड्या. आम्ही बहुतेक उलटं करतो.

वाळू मळकट का येते?

कारण कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम करडं असावं असं वाटतं. फ्रेमभर उन्हातली वाळू असेल तर तो ती काळवंडवतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेरा घेतो तो उजेड, दोन-तृतीयांश ते एक स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). फ्रेमचा मोठा भाग सावलीत असेल तर उलटं होतं, उन्हाची बाजू पांढरी फटक पडते. तेव्हा कमी करा. स्क्रीनवरच्या चित्रावर विसंबू नका, हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) बघा.

रंग फिका वाटत असेल तर व्हाइट बॅलन्स (उजेडानुसार रंग जुळवणारी सेटिंग) ऑटोवर आहे का ते पाहा. ऑटो तो सोनेरी रंग 'दोष' समजून दुरुस्त करायला जातो. डेलाइटवर ठेवा. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढत असाल तर ही चिंता घरी करता येते.

फोनवाल्यांची तक्रार वेगळी असते: ''प्रत्यक्षात सावली काळी होती, फोटोत कुठे गेली?'' ती फोनच्या एचडीआरने (ऊन आणि सावली समतोल करणाऱ्या सोयीने) उजळून टाकली. बंद करता येत असेल तर करा. नसेल तर उन्हातल्या वाळूवर बोट टेकवा आणि उजेडाची पट्टी खाली ओढा.

सगळं वाळवंट एका फोटोत मावावं म्हणून वाइड लेन्स लावली की टेकड्या बुटक्या होऊन क्षितिजाला चिकटतात. 70-200 मिमीसारखी लांबचं जवळ आणणारी लेन्स त्याच टेकड्या एकमेकींवर रचून दाखवते. माझे ठेवण्यासारखे बहुतेक फोटो याच लेन्सचे आहेत.

ड्रोनचा विचार असेल तर हा सीमेवरचा जिल्हा आहे. परवानगी नसेल तर ड्रोन घरी ठेवा.

वाळू आत गेली तर

टेकडीवर लेन्स बदलायची नाही, हा नियम मला ठाऊक होता. तरीही एकदा, ''वारा कुठे आहे?'' म्हणत बदलली. धारेवर गुडघ्यापर्यंत वाऱ्याची झुळूक असतेच, वाळू तिथूनच उडत असते. समोरच्या काचेवर कण दिसले तर कापडाने पुसू नका, ओरखडे पडतील. आधी रबरी पंपाने हवा मारा, मग मऊ ब्रश. ट्रायपॉडचे सर्वांत खालचे पाइप थोडे बाहेर काढा, म्हणजे सांधे वाळूच्या वर राहतील, किंवा पायांना जुने मोजे घालून वर रबरबँड लावा. बॅग वाळूवर ठेवायची नाही, पाठीवरच ठेवायची.

झूम फिरवताना खर्रकन आवाज आला तर तिथेच हात थांबवा. मी थांबवला नाही, दोनदा पुढेमागे करून 'मोकळी होतेय का' ते पाहिलं. दुरुस्तीवाल्याने लेन्स उघडली तेव्हा टेबलावर टाकलेल्या पांढऱ्या कागदावर चिमूटभर सम पडलं होतं.