मुलांना घेऊन जर्मनीला निघताय? तुमची स्वतःची फाइल कुठे आहे?

आम्ही दुसऱ्यांदा जर्मनीला निघालोय. पहिल्या खेपेला थोरली चार वर्षांची होती आणि धाकटा दीड वर्षाचा. नवऱ्याला हॅम्बुर्गला ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणाऱ्या तिथल्या कामाच्या परवान्यावर, नोकरी लागली, आणि मी औषध कंपनीतली क्वालिटी कंट्रोलची सात वर्षांची नोकरी सोडून मुलांना घेऊन मागोमाग गेले. सगळी तयारी मीच केली होती. नवऱ्याची फाइल, लेकीची फाइल, लेकाची फाइल, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचं लेबल. माझी फाइल केलीच नाही. तिच्यापायी पुढे चौदा महिने घरी बसले, म्हणून यंदाची यादी तिथूनच सुरू करतेय. नवऱ्यामागे बायको जाणार असो की बायकोमागे नवरा, ज्याच्या हातात तिकडची नोकरी अजून नाही, त्याच्यासाठी हे आहे.

पासपोर्ट, फोटो, व्हिसाचे फॉर्म यांवर काही लिहीत नाही. ते विसरून कुणालाच विमानात बसता येत नाही. राहून जातात ते कागद, ज्यांच्यावाचून आज काहीच अडत नाही.

फाइलमधला पहिला कागद पदवीचा. पदवीचा म्हणजे पदवीचाच, प्रोव्हिजनल नव्हे. मी पदवीदानाला गेले नव्हते, नंतर अर्जही केला नाही, आणि सात वर्षं प्रोव्हिजनलवर नोकरी निभावली. तिकडे एका कंपनीत मुलाखत छान झाली आणि त्यांनी पदवीचं मूल्यांकन मागितलं. हे काम त्साब (ZAB) नावाचं सरकारी कार्यालय करतं. अर्ज ऑनलाइन, फी 200 युरोंच्या थोडी वर. अर्जाला लागतं पदवीचं अंतिम प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका. माझी पदवी विद्यापीठात पडून होती आणि मी हॅम्बुर्गमध्ये. भावाच्या नावाने अधिकारपत्र पाठवलं, त्याने सुट्ट्या काढून खेटे घातले, आणि कागद हातात आला तोवर ती जागा भरून गेली होती. आपण इथे असताना जे काम दोन चकरांत होतं, ते तिथून करायला महिने जातात. पदवी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, विद्यापीठाची ट्रान्सक्रिप्ट, हे सगळं निघण्याआधी हातात घ्या. आणि अनाबिन या परदेशी विद्यापीठांच्या जर्मन यादीत तुमच्या विद्यापीठापुढे एच प्लस, म्हणजे मान्यतेची खूण, आहे का, तुमचा अभ्यासक्रम आहे का, तेही आजच बघा. डॉक्टर, नर्स, शिक्षक यांची गोष्ट वेगळी. त्यांना त्या व्यवसायाची सरकारी मान्यता मिळाल्याशिवाय काम करता येत नाही, त्यामुळे तो अर्ज इथून करता आला तर इथूनच करा.

दुसरी गोष्ट नावाची, आणि ती बायकांच्याच वाट्याला येते. पदवीवर माझं माहेरचं आडनाव आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि नवऱ्याचं नाव. आपल्याकडे कुणाला हे विचारावंसंही वाटत नाही. तिथल्या अधिकाऱ्याला मात्र मधलं नावही वेगळं, आडनावही वेगळं, म्हणजे बाईच वेगळी वाटते, आणि त्यात त्याची चूक नाही. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव आहे का ते पाहा, आणि त्याचं स्पेलिंग पदवीशी जुळतंय का तेही पाहा. माझ्या दाखल्यावर एक अक्षर कमी होतं. नाव बदलल्याची राजपत्रात नोंद केली असेल तर त्याची प्रत लावा, केली नसेल तर करून घ्या. ज्यांची सासरी पहिली नावंसुद्धा बदलली गेली, त्यांनी तर याला सगळ्यांत आधी हात घालावा.

तिसरी गोष्ट अनुभवाची पत्रं. आपल्या रिलीव्हिंग लेटरमध्ये दोन तारखा, हुद्दा आणि शुभेच्छा असतात. जर्मनीत नोकरी सोडताना आर्बाइट्सत्सॉयग्निस मिळतं. त्यात तुम्ही काय काय काम केलं, कोणती जबाबदारी होती, कसं निभावलंत, हे सविस्तर लिहिलेलं असतं, आणि अर्जासोबत ते जोडायची तिथे पद्धत आहे. माझ्याकडे तीन ओळींचं पत्र होतं. मी मागे लागेपर्यंत आमची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती, साहेब सोडून गेले होते, ईमेलला उत्तरच नाही. म्हणून राजीनामा देतानाच, साहेब समोर बसलेले असताना, कामाच्या तपशिलासकट लेटरहेडवर सहीशिक्क्याचं पत्र मागा. लागलं तर मजकूर स्वतः लिहून न्या. संकोच करू नका. आणि त्याआधीच्या नोकरीचंही मागा.

हे सगळं मिळून एक फाइल होते. ती मुलांच्या फाइलआधी करा. नंतर करू म्हणाल तर होणार नाही, कारण मुलांचं काम कधी संपतच नाही.

आता मुलं. जन्मदाखल्यावर मुलाचं नाव लागलेलं आहे याची खात्री करा. दवाखान्यातून नोंद गेली तेव्हा नाव ठेवलेलं नसतं आणि दाखल्यावर ती जागा तशीच कोरी राहते. लसीकरणाचं कार्ड इंग्रजीत, तारखांसकट, डॉक्टरांच्या सहीशिक्क्याचं हवं. गोवराची लस तर अगदी स्पष्ट दिसली पाहिजे. 1 मार्च 2020 पासून तिथे कायदाच आहे: वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला एक डोस, दोन वर्षं पूर्ण झालेल्याला दोन डोस, आणि पुराव्याशिवाय पाळणाघरात प्रवेश नाही. आमच्या कार्डावर दुसऱ्या डोसची तारीख पुसट होती. तिथला डॉक्टर शोधून, वेळ मिळवून, ते निस्तरण्यात पाच आठवडे गेले.

आणि पाळणाघर. तिथे त्याला किटा म्हणतात. 1 ऑगस्ट 2013 पासून वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाचा जागेवर कायदेशीर हक्क आहे. हक्क कागदावर पक्का, जागा मात्र शोधावी लागते. पत्ता ठरल्या दिवसापासून आसपासच्या दहा-बारा किटांना लिहा, फोन करा, जाऊन भेटा. एकीवर थांबू नका. हॅम्बुर्गमध्ये आईवडील काम करोत न करोत, मुलाला दिवसाचे पाच तास मिळतात आणि ते विनाशुल्क असतात. जास्त तास हवे असतील तर नोकरीचं किंवा कोर्सचं कारण दाखवावं लागतं. इथेच माणूस अडकतो: नोकरी नाही म्हणून तास नाहीत, तास नाहीत म्हणून नोकरी नाही. माझी वाट सरकारी इंटिग्रेशन कोर्सने मोकळी केली. 600 तास भाषेचे, 100 तास तिथल्या समाजाची ओळख करून देणारे, आणि कोर्स हे जास्त तासांसाठी धरलं जाणारं कारण आहे. दुसऱ्या शहरांचे नियम वेगळे आहेत, आपापल्या शहराचे बघून घ्या.

जागा मिळाली म्हणजे सुटलो असं समजू नका. पुढे आइनगेव्योनुंग असतं, म्हणजे मूल रुळेपर्यंत आईने किंवा वडिलांनी तिथे बसायचं. पहिले काही दिवस तासभर एकत्र, मग आई दहा मिनिटं बाहेर, मग अर्धा तास, असं हळूहळू. दोन ते चार आठवडे धरा, माझ्या धाकट्याला सात लागले. त्या काळात नोकरीवर रुजू व्हायची तारीख देऊ नका. मी दिली होती एका छोट्या कामासाठी, आणि तिसऱ्या दिवशी ते काम सोडावं लागलं. लेकरू दाराला चिकटून रडत असताना घड्याळ बघायची वेळ कुणावर येऊ नये, म्हणून सांगते. हे आठवडे नवऱ्याने रजा काढून वाटून घ्यावेत, आणि ते इथे असतानाच ठरवून टाका.

भाषा. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी ए-वन, म्हणजे जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, परीक्षेची अट नाही. अट नाही म्हणून मी शिकले नाही, हे चुकलं. मॅक्स म्युलर भवनात किंवा कुठेही, जमेल तितकं इथून करून जा. बी-वन, म्हणजे तिसरी पातळी, झालं तर फारच उत्तम. सगळ्या कामांना इंग्रजी पुरेल असं गृहीत धरू नका. प्रयोगशाळेत तर नोंदी जर्मनमध्येच होत्या.

काम करायची परवानगी वेगळी काढावी लागत नाही. तुमच्या निवास कार्डावर नोकरी-व्यवसायाला मुभा असल्याचं वाक्य छापलेलं असतं. कार्ड हातात आल्याबरोबर ते वाचा, त्याचा फोटो फोनमध्ये ठेवा, कारण मुलाखत घेणाऱ्यांनाही कधी कधी हे ठाऊक नसतं. आणि तो फोटो फाइलमध्येही लावा. हो, त्याच फाइलमध्ये. ती केलीत ना? पदवी, नावाचा पुरावा, अनुभवाची पत्रं?

आरोग्य विम्याचं नवऱ्याने सही करण्याआधी बोला. सरकारी योजनेतल्या विम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात, खासगीत प्रत्येकाचा हप्ता वेगळा, आणि खासगीतून परत येणं अवघड असतं. मिनीजॉब, म्हणजे ठरावीक मर्यादेपर्यंत कमाईचं छोटं काम, मिळाला तर घ्या, 2026 मध्ये त्याची मर्यादा महिन्याला 603 युरो आहे. पण तो घेऊन अर्ज पाठवणं थांबवू नका. नवरा-बायकोला पगारावरच्या कापणीसाठी करवर्ग मिळतात; एकाचा तीन आणि दुसऱ्याचा पाच असा असेल तर पाचवाल्याच्या पगारातून खूप कापलं जातं. ती स्लिप बघून "एवढ्यासाठी कशाला राबायचं" असं घरात कुणी म्हणालं तर ऐकू नका, वर्षअखेरीच्या हिशोबात दोघांचा कर एकत्रच मोजला जातो. चार-चार वर्गही मागता येतो.

पोहोचल्यावरचं आता भराभर सांगते. घरात शिरल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी, त्याला घरमालकाचं पत्र लागतं. टपालपेटीवर सगळ्यांची आडनावं लावा, नाहीतर करक्रमांकाचं पत्र परत जातं. किंडरगेल्डचा, म्हणजे मुलांसाठीच्या सरकारी भत्त्याचा, अर्ज लगेच करा, 2026 पासून मुलामागे महिन्याला 259 युरो, मागचे सहाच महिने मिळतात. भारतीय लायसन्स सहा महिने चालतं, पुढे परीक्षा. मुलं आजारी पडायच्या आधीच त्यांचा डॉक्टर शोधा. लोकरीचे कपडे तिथे घ्या. खेळणं प्रत्येकी एक, झोपताना लागतं ते.

कागद सगळे स्कॅन करून दोन ठिकाणी ठेवा. मूळ कागद घरच्या कपाटात "सुरक्षित" ठेवून जाऊ नका, मी गुणपत्रिका तशाच ठेवल्या होत्या. आणि तुमची फाइल चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मुलांचे डायपर ज्या बॅगेत आहेत, त्या खांद्यावरच्या बॅगेत ठेवा.