सीएसएमटी ते हुतात्मा चौक, चालत

फोर्टात इंटरव्ह्यू आहे? मग टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका. दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौक जेमतेम एक किलोमीटर. अगदी रमतगमत गेलात तरी वीस मिनिटं.

स्टेशनातून सबवेनं रस्ता ओलांडा. आत फुटलेल्या वाटांवरच्या पाट्या नीट वाचा, नाहीतर भलत्याच तोंडाला निघाल. महापालिकेची इमारत पाठीशी राहिली की दिशा बरोबर.

त्यानंतर फक्त कमानींखालून चालायचं. हा जुना हॉर्नबी रोड. १८९६च्या नियमानुसार इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी छताखालची वाट ठेवावी लागली. प्रत्येकाची शैली निराळी, पण वाट सलग. पावसात कपड्यांची इस्त्री वाचते ती यामुळेच; मधल्या गल्ल्या ओलांडताना तेवढी छत्री उघडा. फेरीवाल्यांकडचे पट्टे, कव्हरं बघत थांबू नका, भाव करायला परतीला वेळ असतो.

सकाळी अख्खी गर्दी दक्षिणेकडे वाहते, तिच्या वेगानं चला. मध्येच थांबून मोबाइलवर नकाशा उघडलात तर मागचा माणूस हमखास धडकतो. थांबायचंच तर खांबाच्या आडोशाला. संध्याकाळी हेच सगळं उलटं, म्हणून सहाच्या सुमारास स्टेशनकडून येणं टाळा.

शेवटी १८६४चं फ्लोरा फाउंटन आणि हुतात्मा स्मारक दिसेल. हायकोर्टाकडे जायचं असेल तर इथून उजवीकडे वळा.