घरच्या स्कॅनरला अँटेना निवडताना या चुका टाळा

रेडिओ स्कॅनरवर, म्हणजे एकेक फ्रिक्वेन्सी चाळत बोलणं पकडणाऱ्या रेडिओवर, काही ऐकू येत नाही म्हटलं की लोकांचा हात आधी खिशाकडे जातो. मोठी अँटेना, मग महाग अँटेना, मग ॲम्प्लिफायर. ठाण्यापासून खारघरपर्यंत ज्यांच्या घरी या कामासाठी गेलो, त्यांतल्या बहुतेकांची अँटेना ठीकच होती. घोडं पेंड खात होतं ते केबलमध्ये, नाहीतर जागेत.

केबलचंच आधी घेतो, कारण यावरून माझं डोकं सर्वांत जास्त फिरतं. नेरूळच्या एका मुलाने बारा मजली इमारतीच्या गच्चीवर डिस्कोन, म्हणजे बऱ्याच फ्रिक्वेन्सी पकडणारी शंकूसारखी अँटेना, चढवली. सेक्रेटरींच्या मागे लागून परवानगी आणली, प्लंबरकडून पाईप ठोकून घेतला, सगळं साग्रसंगीत. घर मात्र दुसऱ्या मजल्यावर. डक्टमधून चाळीस मीटर केबल खाली सोडली, तीही आरजी-५८, का तर पातळ आहे, कोपऱ्यात सहज वळते. हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, बोलतात त्या १४५ मेगाहर्ट्झला ही केबल शंभर मीटरमागे साधारण २० डेसिबल खाते. म्हणजे चाळीस मीटरला ८. गच्चीवर जे मिळालं त्याचा जेमतेम सहावा हिस्सा खाली पोचला. फ्रिक्वेन्सी वाढली की हे नुकसानही वाढतं, हॅमच्याच ४३५ मेगाहर्ट्झला तर विचारूच नका.

यावर साहेबांनी उपाय काय केला? खाली, स्कॅनरजवळ, ऑनलाइन मागवलेला ॲम्प्लिफायर लावला. केबलने जे गिळलं ते खाली वाढवून परत येत नाही, सोबतचा खरखराटही तेवढाच वाढतो. रात्री साडेदहाला फोन: "काका, एकशे पंचेचाळीसवर पण गाणीच वाजतायत!" वाजणारच. मुंबईतली ८८ ते १०८ मधली एफएम केंद्रं इतकी जोरकस आहेत की सगळंच उचलणारा स्वस्त ॲम्प्लिफायर त्यांनीच गुदमरतो, आणि जिथे काही नाही तिथेही गाणी उगवतात. ॲम्प्लिफायर हवाच असेल तर वर, अँटेनाजवळ, आणि त्याच्या आधी एफएम अडवणारा फिल्टर. पण आधी तो काढून तर ऐका. निम्म्या वेळा काढल्यावरच बरं ऐकू येतं.

त्याच्याकडे शेवटी आम्ही इलेक्ट्रिशियनने टाकून दिलेल्या तांब्याच्या जाड तारेचे ४९ सेंटिमीटरचे दोन तुकडे कापले, कंड्यूट पाईपवर एकाखाली एक बांधले, मधोमध केबल जोडली आणि पाईप बाल्कनीच्या ग्रिलमधून हातभर बाहेर काढला. केबल पाच मीटर. बाल्कनी खाडीकडे मोकळी, त्यामुळे हॅमवाल्यांच्या सकाळच्या गप्पा स्वच्छ आल्या. गच्चीवरच्या डिस्कोनवर आता कावळे बसतात.

एकेका तुकड्याचं माप काढायला ॲप लागत नाही. ३०० ला ऐकायच्या फ्रिक्वेन्सीच्या मेगाहर्ट्झने भागा, आलेल्या मीटरचा चौथा भाग घ्या, त्यातून पाच टक्के वजा करा. तार सुरुवातीला बोटभर जास्तच ठेवा, कापलेली तार वाढत नाही.

केबल पाच-सात मीटरच लागणार असेल तर जुन्या डिशची काळी आरजी-६ खुशाल वापरा. "अहो, ती ७५ ओहमची, स्कॅनरला ५० ओहमची लागते!" असं कुणीतरी म्हणणारच. म्हणू द्या. ७५ आणि ५०च्या फरकाने होणारं नुकसान पाव डेसिबलसुद्धा नाही, आणि आपल्याला नुसतं ऐकायचंय.

आता जागा. स्कॅनरसोबत आलेली रबरी अँटेना टीव्हीच्या मागे, राउटरला खेटून उभी करायची आणि आवाज येत नाही म्हणायचं, हा प्रकार घरोघरी. संच बॅटरीवर घ्या, घराचा मेन स्विच पाडा आणि ऐका. खरखर एकदम बसली तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी चढवत जा. माझ्या अनुभवात एलईडी दिवे आणि फुटपाथवरून घेतलेले मोबाइल चार्जर हेच पहिले आरोपी. एवढा अर्धा तास द्यायलाही लोक तयार नसतात, पाच हजार खर्चायला असतात.

लोखंडी ग्रिलच्या आत अँटेना ठेवू नका. आडवी तर मुळीच नको, हॅमच्या एफएम गप्पा उभ्या अँटेनावर चालतात.

घोडबंदर रोडला राहून बोरिवलीकडचं ऐकू येत नाही ही तक्रार मी आता ऐकूनच घेत नाही. मध्ये येऊरचा डोंगर आहे. मुंब्र्याला तेच काम पारसिकचा डोंगर करतो. अंतराळ स्थानक मात्र डोक्यावरून जातं, तिथले हॅम १४५.८०० वर बोलत असतील तर तीच दोन तारांची अँटेना पुरते.

पोलिसांचं, विमानांचं ऐकायचंय म्हणून येणाऱ्यांना मी दारातूनच परत पाठवतो. त्यापेक्षा दूरसंचार विभागाची हॅमची परीक्षा द्या, तिची खालची पायरी, रिस्ट्रिक्टेड ग्रेड, काही अवघड नाही.

आणि पावसाळा. बाहेरच्या जोडाला साधी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली तर तिचा गोंद मे महिन्याच्या उन्हातच सुटतो, जूनमध्ये पाणी केबलच्या आतल्या तारेच्या जाळीतून सगळीकडे पसरतं आणि ती केबल फेकावीच लागते. स्वतःला चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळा, त्यावर हवी तर साधी. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. गडगडायच्या आत केबल स्कॅनरपासून काढून ठेवा. ढग डोक्यावर आल्यावर तिला हात लावू नका.