चिखलात उतरण्याआधी परतायची खूण ठरवा

मी धायरीला राहते. माझी महिंद्रा थार जीप २०२१ ची, डिझेल, मॅन्युअल गिअरची. महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे निघायचं, पाबे घाटानं वेल्ह्याच्या बाजूला उतरायचं, तिकडच्या कच्च्या वाटा फिरून दुपारी घरी यायचं, हा माझा आणि माझ्या लेकीचा क्रम. नवी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी, घेतलेले लोक मला विचारतात, गाडी किती चढते, किती पाण्यातून जाते. मी आधी विचारते, परत कुठून फिरायचं ते ठरवलंत का? ते स्टिअरिंगवर बसून ठरत नाही. खाली उतरून, पायी फिरून ठरवायचं आणि शेजारी बसलेल्याला मोठ्यानं सांगायचं.

पाण्याचंच घ्या. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. तो आकडा वाहत्या ओढ्याला लावू नका. ओढा गाडीला बाजूनं ढकलतो, पाणी वाढलं की गाडी उचलली जाते आणि चाकांची पकड सुटते. दोन फूट वेगवान पाणी भल्या मोठ्या गाड्याही वाहून नेतं. माझ्या गाडीत मागे वेळूची एक काठी असते, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर लाल चिकटपट्टी गुंडाळलेली. काठावरून टोचून बघते. पट्टी बुडाली, की गाडी नाही. पाण्याला ओढ असेल तर मीही आत उतरत नाही. फरशी पुलावरून पाणी जात असेल तर काठीसुद्धा काढायची नाही, सरळ मागे वळायचं.

एका जुलैत अशीच पट्टी बुडाली. लावणीवरून परतणारे एक बाबा थांबले नि म्हणाले, "ताई, वरचा पाऊस हाय ह्यो. दीड तासात उतरंल." आम्ही डबा उघडून बसलो. पाणी खरंच उतरलं, तेव्हा दिसलं की ओढ्याच्या मधोमध डावी चाकोरी खचून कमरेएवढा खड्डा झाला होता. सकाळच्या गढूळ पाण्यात तो कुणाला दिसला असता? आणि पाण्यात गाडी बंद पडलीच, तर परत स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी माणसं बाहेर काढा, मग गाडी ओढून घ्या.

चढाचा धडा मात्र मला चुकून मिळाला. लाल मातीचा ओला चढ होता. दोनदा अर्ध्यातून मागे आले. टायरच्या खाचा मातीनं भरून चाक मडक्यासारखं गुळगुळीत झालं होतं, क्लचचा जळका वास येत होता, आणि मी इरेला पेटले होते. तिसऱ्यांदा चाकं घसरली तशी घाबरून मी क्लच दाबला. इंजिनाचा धरबंद सुटला, गाडी मोकळी मागे धावली आणि करवंदीच्या जाळीत अडकली. जाळीपलीकडे पुरुषभर खोल खाचर होतं. लेक शेजारी बसली होती. तिचा तो पांढरा पडलेला चेहरा अजून डोळ्यांपुढे येतो.

तेव्हापासून दोनच प्रयत्न. लेक म्हणाली "आई, दोन झाले", की वाद नाही.

चढ अर्ध्यात सुटला तर काय करायचं, हे सपाटीवर आधी घटवून घ्या. फूटब्रेक घट्ट. इंजिन बंद पडलं असेल तर हँडब्रेकही. फोर लो मध्येच, म्हणजे चारही चाकांना संथ पण जास्त जोर देणाऱ्या गिअरात, रिव्हर्स टाका, गाडी चालू करा, क्लच पूर्ण सोडा आणि मगच ब्रेक हळूहळू सैल करा. गाडी इंजिनाच्या जोरावर सरळ मागे येते. पुढची चाकं सरळ हवीत. चढावर आडवी वळवायला जाल तर गाडी उलटते. उतरतानाही फोर लो, पहिला गिअर, पाय क्लचवरून बाजूला. चारही चाकं ओढतात म्हणून चढता येतं, पण घसरड्या उतारावर ब्रेक मारला की तीच चारही चाकं घसरतात. खाली उतरण्याआधी तोच उतार परत चढायचा आहे, हेही लक्षात असू द्या.

आडव्या कलावर मी जातच नाही.

दुसरी गाडी सोबत नसेल तर चिखल टाळा. अडकलात तर चाकं गरागरा फिरवू नका, गाडी पोटावर बसते. फावड्यानं चाकांपुढची माती काढा. दुसऱ्या गाडीनं ओढताना पट्टा चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, रिकव्हरी हुकलाच लावा, ट्रेलर जोडायच्या गोळ्याला (टो बॉलला) कधीही नाही. तो तुटला तर गोळीसारखा येतो. पट्ट्याच्या मध्यावर ओलं पोतं टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीहून दूर उभं करा.

भाताच्या खाचरात चाक घालू नका. बाहेरून गवत वाटतं ते कुणाचं तरी वर्षभराचं धान्य असतं. ताम्हिणीसारख्या अभयारण्यात तर रस्ता सोडायचाच नाही.

चिखलासाठी मी टायरची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणते, त्याखाली नाही, नाहीतर टायर रिमवरून निसटू शकतो. डांबरी लागली की आधी टू व्हील, म्हणजे जोर दोनच चाकांना, मग कंप्रेसर लावून चारही चाकं परत ३२ वर. तेवढ्या वेळात लेक टॉर्च घेऊन खाली वाकते आणि ब्रेकच्या नळ्यांत काटक्या अडकल्यात का ते बघते.